येऊ दे, येऊ दे

१

भंगारात आलेली जुनी गाडी ओळखायची असेल तर आधी तिच्या तोंडाकडं बघू नये, असं दादा म्हणायचा. तोंडं बदलतात. फुटलेल्या तोंडाच्या जागी दुसरीचं बसवतात, दिवे तिसरीचे, जाळी चौथीची. बिजागऱ्या मात्र कुणी बदलत नाही. बिजागरीवर जीव जडलेला चोर अजून जन्माला यायचाय.

दादा आयुष्यभर अवजड गाड्यांचा मेस्त्री होता. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला क्लच दाबणं जमेना, तेव्हा चालवण्याचं काम त्याच्या धाकट्या बहिणीकडं आलं. तिला सगळे आक्का म्हणत. ती कुणाचीच थोरली नव्हती, पण आवाज थोरला होता. ती गाड्यांच्या सीटा शिवायची. शिवण उसवून आतला काथ्या, स्प्रिंगा, दोऱ्याचा पीळ पाहिला की गाडी कुठल्या काळातली हे तिला कळायचं. दोघांना एकच खूळ होतं. कापायला आलेला जुना ट्रक कटरच्या आधी गाठायचा, तो कोण हे ठरवायचं, आणि वाचवण्यासारखा असला तर घरी आणायचा.

"लोक मांजराची पिल्लं उचलून आणतात," वहिनी म्हणायची. "आमच्याकडं ट्रक आणतात. पिल्लं मोठी झाली की निदान उंदीर तरी मारतात."

त्या सकाळी भंगारवाल्या शेठचा फोन आला. "एक आलीय. माझ्या बापालाही नाव सांगता येणार नाही. जेवणानंतर कटर लावतोय, तोवर बघून घ्या."

गाडी आवाराच्या पार टोकाला, चेपलेल्या बसच्या आडोशाला उभी होती. लांब नाकाची. पुढची जाळी नाही, दिवे नाहीत, नावाची पाटी खरवडलेली. बॉनेटच्या कडेनं शेवाळ धरलं होतं. दादा नियमाप्रमाणं तिच्या तोंडाकडं पाठ करून बाजूनं सरकला आणि दाराच्या बिजागऱ्यांवरून बोटं फिरवू लागला. बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या. दार उलटं उघडायचं.

आक्का आत चढली. सीटचं कातडं फाटून लोंबत होतं. तिनं कात्रीनं एक टाका उचलला. दोऱ्याला मेण लावलेलं होतं, आणि स्प्रिंगा खाली रुंद, वर निमुळत्या.

"दादा," ती खिडकीतून म्हणाली, "स्प्रिंगा घंटेसारख्या आहेत."

दादाचा हात बिजागरीवरच थांबला. मग काठी टेकत पुढं आला आणि पहिल्यांदा गाडीच्या तोंडाकडं पाहिलं. "उमेदवारी करत होतो तेव्हा एकदा पाहिली होती," तो म्हणाला. "रस्त्यातून गेली. उस्तादाला विचारलं, ही कुठली? तो म्हणाला, त्यांचा कारखाना दोन वर्षंही चालला नाही, विसर. तेव्हापासून दुसरी दिसली नाही."

त्यानं तिथंच तिचं नाव ठेवलं, नाकाडी.

आक्का मागं चक्कर मारायला गेली. हौद्याच्या फळ्या पार काळवंडल्या होत्या, धूळ बोटभर. हौदा बंद करणाऱ्या मागच्या फाळक्यावर, डाव्या कोपऱ्याशी, खांद्याच्या उंचीवर तेवढी एक जागा झिजून गुळगुळीत झाली होती. तिथं लाकूड किंचित खोलगट होतं. असली जागा जुन्या गाडीवर असायचीच. गाडी मागं घेताना क्लीनर तिथं थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. वर्षानुवर्षं एकाच तळव्याची थाप बसली की लाकूडही तळव्यासारखं होतं.

फक्त इतर सगळीकडं धूळ असताना त्या खोलगट जागेत कणभरही नव्हती.

२

शेठला समजावणं अवघड गेलं नाही. दादानं बदल्यात तेवढ्याच वजनाचं दुसरं लोखंड द्यायचं कबूल केलं, आणि शेठला लोखंडाशी मतलब होता. त्यानंच क्रेन दिली. नाकाडीच्या पुढच्या पाट्यांना, स्प्रिंगांच्या त्या जाड पट्ट्यांना, साखळी अडकवली. दादा क्रेनवाल्याच्या शेजारी बसला, कारण वाट त्याला माहीत होती. आक्का नाकाडीचं स्टिअरिंग धरून बसली. ब्रेक नव्हतेच.

भंगाराच्या ढिगांमधून, गवतातून, क्रेन गोगलगायीसारखी चालली होती. चाकं किरकिरत फिरायला लागली, याचाच आक्काला इतका आनंद झाला होता की ती स्वतःशी हसत होती. तेवढ्यात मागं फाळक्यावर थाप बसली. एकच. जाड, ओल्या तळव्याची असावी तशी.

ती विचार न करता ओरडली, "थांबव रे."

क्रेन थांबली. दादा खाली उतरून आला. "काय झालं?"

"तूच तर थाप मारलीस."

"मी तिकडं बसलोय की."

आक्का उतरली. क्रेन नुकतीच वळून पुढं गेली होती, आणि नाकाडीच्या आतल्या बाजूच्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर गवतात गंजका पत्रा होता. दादानं काठीनं पत्रा सरकवला. खाली जुन्या वजनकाट्याचा खड्डा, माणूस उभा बुडेल एवढा. शेठ पार फाटकाजवळ चहा पीत उभा होता. कटरवाला अजून आलाच नव्हता. गाडीच्या मागं बघायला दोघं गेले, तर गवतावर फक्त चाकांच्या दोन रेघा.

"एखादी फळी सुटली असेल," दादा म्हणाला. "बरी वेळेवर सुटली."

आक्कानं मान हलवली. पण घरी जाईपर्यंत ती सारखी मागं बघत होती. भीती म्हणाल तर नव्हती. कुणी आपल्याला वाचवलं आणि नाव न सांगता निघून गेलं, की मनाला जशी चुटपुट लागते, तशी ती होती.

३

घराला लागूनच त्यांची शेड होती. वर पत्रा, तीन बाजूंना विटांच्या भिंती, पुढं रुंद दार. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दार दिसायचं. क्रेननं नाकाडीला, मागची बाजू आधी, आत ढकललं तेव्हा ती जेमतेम मावली. फाळका आणि मागची भिंत यांच्यात पालथी मूठ जाईल एवढीच फट उरली.

मग काम सुरू झालं. दादानं इंजिनात वरून तेल सोडून ते मुरत ठेवलं. रोज थोडा जोर लावून बघायचा, आणि रोज इंजिन हलायचं नाही. "मोडेल पण वाकणार नाही असली आहे," तो कौतुकानं म्हणायचा. आक्कानं सीट सोडवून अंगणात आणली.

थापेचं कोडं मात्र तिच्या डोक्यातून जाईना. दुपारी पत्रा तापला की शेड कडकड वाजायची. तिनं कान देऊन ऐकलं. तो आवाज कोरडा होता. फळ्या उन्हानं फुगून वाजतात का तेही पाहिलं. त्या कुरकुरायच्या, थाप मारायच्या नाहीत. शेवटी तिनं फटीत हात घालून त्या खोलगट जागेवर स्वतःच थाप मारली. टप्प. पातळ, बायकी आवाज. तिनं दादाला मारायला लावली.

"काय पोरखेळ आहे," असं म्हणत त्यानं मारली. तोही आवाज तो नव्हता.

"तळवा जाड पाहिजे," आक्का म्हणाली.

"मग हिला बोलव," दादानं स्वयंपाकघराकडं बोट केलं. "हिची थाप अख्ख्या आळीला माहीत आहे."

"ऐकू येतंय मला," वहिनी आतून म्हणाली.

हसण्यावारी गेलं. त्याच संध्याकाळी आक्कानं फाळक्याला लाल प्रायमर मारला. हात तिरका करून, फटीत कुंचला घालून, कोपऱ्यापर्यंत. खोलगट जागेवर दोन हात जास्तच दिले. शेडला कुलूप लावलं. किल्ली नेहमीप्रमाणं तिच्या कमरेला.

सकाळी फाळका लालभडक वाळला होता. कोपऱ्यातली ती जागा मात्र लाकडापर्यंत उघडी होती.

आक्कानं त्या उघड्या लाकडावरून बोट फिरवलं. तेलकट लाकडावर रंग धरत नाही, हे तिला माहीत होतं. तळव्याचं तेल तिथं मुरलेलं असणार, रंग ओघळून गेला असणार. पण मग खाली जमिनीवर ओघळ हवा होता. तिनं वाकून पाहिलं, जमीन कोरडी. उठताना भिंतीचा आधार घेतला आणि तिची नजर समोरच्या विटांवर गेली. तिथं, फटीच्या आत, खांद्याच्या उंचीवर, लाल डाग होता. चार बोटं आणि अंगठ्याची कड. कुणीतरी त्या मूठभर फटीत उभं राहून भिंतीला हात टेकला असावा तसा.

तिनं स्वतःचा हात त्या डागावर ठेवून पाहिला. डाग मोठा होता.

दादाला तिनं हे सांगितलं नाही. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. दादानं लगेच काहीतरी कारण शोधलं असतं, आणि ते पटलंही असतं.

४

इंजिन सुटलं ते अगदी अवचित. दादानं नेहमीसारखा जोर लावला आणि ते लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं. पुढं डिझेलच्या नळ्या, बॅटरी, ब्रेक, यांत बरेच दिवस गेले. मग एका दुपारी आक्का नव्या शिवलेल्या सीटवर बसली, दादानं बॉनेट उघडं ठेवून खूण केली आणि तिनं कळ फिरवली. नाकाडी खोकली, काळा धूर ओकली, आणि चालू झाली. वहिनी पदर नाकाला लावून खिडकीत आली. तिच्या चेहऱ्यावरही हसू होतं, पण ते तिनं कबूल केलं नसतं.

तेवढ्यात मागून दोन थापा आल्या. थप्प, थप्प.

आक्कानं दादाकडं पाहिलं. तो बॉनेटवर वाकलेला होता. त्याचे हात इंजिनात होते, पण ते हलायचे थांबले होते.

"ऐकलंस?" तिनं विचारलं.

"पाटे बोलतात," तो म्हणाला. "बऱ्याच वर्षांनी अंग हललं की बोलणारच." पण तो मागं बघायला गेला नाही, हे तिनं टिपलं. कुठलाही आवाज आला तर मुळाशी गेल्याशिवाय जेवणारा माणूस नव्हता तो.

"दोन म्हणजे येऊ दे," आक्का म्हणाली.

"मला माहीत आहे दोन म्हणजे काय."

"पण मागं तर भिंत आहे दादा."

त्यानं हात पुसले. बॉनेट बंद केलं.

५

पहिली फेरी छान झाली. दादा शेजारी बसला होता. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. नाकाडी चढावरही कुरकुरली नाही. दादा इंजिनाचा आवाज ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो खिडकीबाहेर बघण्याचं निमित्त करत होता. मागून एकही थाप आली नाही. आक्काला थोडं चुकल्यासारखं वाटलं.

परत आल्यावर गाडी मागून आत घ्यायची होती. दादा उतरला आणि काठी टेकत मागं निघाला.

"मागं नको जाऊस," आक्का म्हणाली. "फट केवढीशी आहे. माझ्यासमोर उभा राहा, मला दिसशील असा."

तो दारासमोर अंगणात उभा राहिला. लख्ख ऊन होतं. तिनं रिव्हर्स टाकला, क्लच अर्धा सोडला, आणि आरशात बघत गाडी आत घ्यायला सुरुवात केली. हौदा सावलीत शिरला. मग केबिन. पत्र्याखालचा गारवा तिच्या हाताला लागला. आता भिंत हात-दोन हात असेल, या अंदाजानं ती ब्रेकवर पाय नेत होती, तेव्हा थाप आली. थप्प, थप्प.

तिनं पाय तसाच ठेवला. गाडी मागं जात राहिली.

थप्प, थप्प. हळू, समजुतीची थाप, बुजरा बैल गोठ्यात घेताना पाठीवर मारतात तशी. आणि त्या थापांमधून आता बोलणंही ऐकू आलं. येऊ दे. येऊ दे. ना बाईचा आवाज, ना पुरुषाचा. तेच शब्द इतक्या वेळा म्हटलेले की झिजून गुळगुळीत झालेले.

भिंत यायला हवी होती. कधीच यायला हवी होती. आक्कानं समोर पाहिलं. शेडचं दार खिडकीएवढं दिसत होतं, आणि त्यात दादा, हात हलवणारा, बाहुलीएवढा. त्याचं तोंड उघडमीट होत होतं. आवाज येत नव्हता.

थांबायला हवं, हे तिला कळत होतं. डोकं अगदी स्वच्छ होतं. पण तिनं पुन्हा आरशात पाहिलं, कारण आता आरशात अंधार नुसता अंधार नव्हता. मागं, दोन्ही अंगांना, गाड्या उभ्या होत्या. नाकं पुढं करून, ओळीनं. एकीला बॉनेटच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे पत्रे होते. एकीची पुढची काच अखंड गोल होती. आयुष्यभर टाक्यावरून नि बिजागरीवरून गाड्या ओळखणाऱ्या आक्काला त्यातली एकही ओळखता येईना. त्यांच्या काचा पुसलेल्या होत्या. आणि काचांच्या मागं काहीतरी होतं, बसलेलं, फार वेळ बसलेलं.

एवढी एकच बघू, तिला वाटलं. गोल काचेची. कुठल्या कारखान्याची ते कळलं की थांबते.

येऊ दे.

धाडकन केबिनच्या दारावर हात आपटला. दादा दाराशी उभा होता, घामाघूम, काठीशिवाय. तिचा पाय ब्रेकवर पडला.

६

"भिंतीला टेकलीस," दादा धापा टाकत म्हणाला. "टेकलीस तरी चाकं मागं फिरतच होती. जागच्या जागी. इंजिनाला ताण नाही, भिंतीला तडा नाही. मी घसा फोडून ओरडतोय आणि तू आरशात बघत बसलीस."

ती खाली उतरली. मागं गेली. फाळका विटांना टेकला होता. विटा जशाच्या तशा. चाकांखालची जमीन मात्र उकरली गेली होती, खोल.

"तू आत आलास," तिनं विचारलं, "तेव्हा मागं काय दिसलं?"

"भिंत. दुसरं काय दिसणार?"

वहिनीनं काठी आणून दिली. त्याच्या खुब्याला हिसका बसला होता. आक्कानं त्याला आधार देऊन अंगणातल्या नळाशी नेलं. त्यानं हातांवरचं ग्रीस धुवायला घेतलं. बराच वेळ साबण चोळत राहिला, हात स्वच्छ झाल्यावरही. मग तिच्याकडं न बघता, उगाच विषय काढल्यासारखा म्हणाला,

"ती गोल काचेची. ती कुठल्या कारखान्याची असेल गं?"

आक्कानं नळ बंद केला. भीती वाटलीच तिला, पण त्या भीतीबरोबर पुन्हा बघायची ओढही लागली, आणि तीच जास्त होती.

"पंखवाली पण होती," ती म्हणाली.

"ती मला नीट नाही दिसली."

दोघांनी त्याच दिवशी ठरवलं, गाडी पुन्हा चालू करायची नाही. नाकाडीची चाकं काढली, खाली ठोकळे लावले, बॅटरीच्या तारा सोडवल्या. चाकं वहिनीच्या देखत अंगणाच्या कोपऱ्यात रचली. वहिनीला त्यांनी गाडीत दोष निघाला एवढंच सांगितलं. ती दोघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत राहिली. "दोष गाडीत निघाला ना नक्की?" तिनं विचारलं. दादा चाकांवर ताडपत्री ओढायला लागला.

७

काही दिवस शेडचं कुलूप निघालंच नाही. मग सीटचा एक टाका सुटलाय म्हणून आक्का गेली. पुढं एकदा दारावरचा जुना रंग खरवडून बघायचा म्हणून दादा गेला. खरवडायचा पत्रा तो घरीच विसरला होता, हे आक्काच्या लक्षात आलं. ती तो द्यायला गेली, तर तो केबिनमध्ये बसला होता. ती दुसऱ्या बाजूनं चढली. त्यानं सरकून जागा दिली.

त्यानंतर ते बहुतेक रोजच जाऊ लागले. दुपारचं, कामं उरकल्यावर. काही वाईट करत नव्हते. गाडीला चाकं नव्हती, बॅटरी नव्हती. एक आरसा तिच्या बाजूला, एक त्याच्या. लहानपणी दोघं असेच खिडकीला नाक लावून रस्त्यावरच्या गाड्या ओळखायचे.

"कडेला रिव्हेट आहेत," दादा म्हणायचा.

"दुहेरी ओळ?"

"एकेरी. पण जवळजवळ."

"मग पंखवालीच्या आधीची."

त्या दिवशीही ऊन होतं. दोघं आपापल्या आरशात बघत होते. वहिनीनं जेवायला हाक मारलेली आक्काला ऐकू आली. स्वयंपाकघर शेडला लागून, पण आवाज नदीपलीकडून यावा तसा आला. भूक लागली होती. तिनं आरशातून नजर काढली आणि काचेतून समोर पाहिलं.

वहिनी शेडच्या दारात उभी होती. उन्हात, कमरेवर हात ठेवून. बोटाएवढी.

आक्काचा हात दाराच्या खिट्टीवर गेला. "दादा, चल," ती म्हणाली. "उतरू या आता."

दादा हलला नाही. "थांब जरा," तो आरशात बघत म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, आनंदी होता. "गोल काचेची पुढं यायला लागलीय. येऊ दे तिला."